ट्रॅकिंग दोन दिवस पुढे सरकत नाही, म्हणजे नक्की काय?

स्पीड पोस्टचा क्रमांक 13 अक्षरांचा असतो: आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग 9 आकडे, शेवटी 'आयएन'. मधे 'ओ' अक्षर कधीच नसतं, तिथे शून्यच टाका.

'आयटम बॅग्ड' दिसलं की वस्तू सीलबंद थैलीत गेली. वाटेत साधारणपणे थैलीच स्कॅन होते, आतली पाकिटं नव्हे. त्यामुळे पुढच्या केंद्रावर थैली उघडेपर्यंत नोंद तशीच राहते. हरवलं असं लगेच समजू नका.

'आउट फॉर डिलिव्हरी' म्हणजे पोस्टमनच्या हाती. दिवसभरात आला नाही, तर संध्याकाळी नोंद पुन्हा बघा. 'डोअर लॉक्ड' असेल तर दुसऱ्या दिवशी क्रमांक आणि ओळखपत्र घेऊन वाटप करणाऱ्या पोस्टात जा. फार दिवस थांबलात तर वस्तू पाठवणाऱ्याकडे परत जाते. 'इन्सफिशियंट अ‍ॅड्रेस' असेल तर त्याच दिवशी तिथे पूर्ण पत्ता कळवा.

'डिलिव्हर्ड' दिसतंय पण हाती काही नाही? आधी घरच्यांना आणि वॉचमनला विचारा, मग पावतीसह तक्रार करा किंवा 1800 266 6868 वर फोन लावा.

आणि 'पत्ता अपुरा, 24 तासांत लिंकवर भरा' असा एसएमएस आला तर लिंक उघडूच नका. क्रमांक स्वतः पोस्टाच्या संकेतस्थळावर टाकून बघा.