रंध्याची मूठ बदलण्याआधी

लोखंडी रंध्याची मागची मूठ मोडली की पहिल्यांदा सगळे तुकडे गोळा करा. वरच्या शिंगाची (मुठीच्या वरच्या वळलेल्या टोकाची) टवकी उडून कोपऱ्यात गेली असेल तर तीही शोधा, कारण नवी मूठ या तुकड्यांवरूनच आखायची आहे. रंध्याचं पातं काढून कापडात गुंडाळून बाजूला ठेवल्याशिवाय बाकी कशाला हात लावू नका.

मग नवी मूठ हवीच का, हे ठरवा. मोड ताजी असेल आणि दोन्ही भाग कोरडेच एकमेकांत चपखल बसत असतील, तर इपॉक्सीने जोडलेली मूठ वर्षानुवर्षं चालते. तेल मुरलेला किंवा एकदा चिकटवून पुन्हा सुटलेला जोड असेल तर मात्र नवीच करा.

मुठीतून आरपार जाणारा लांब बोल्ट आणि त्याचा पितळी नट डोळ्यांत तेल घालून जपा. जुन्या अमेरिकन स्टॅन्ली रंध्यांच्या बोल्टला 12 नंबरच्या जाडीवर इंचाला 20 आटे असतात, आणि असा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात सहसा मिळत नाही. बोल्ट गंजून अडकला असेल तर आदल्या रात्री तेलाचे चार थेंब सोडून ठेवा, जोर लावून पिळू नका. स्टॅन्लीच्या मापांतल्या 4 नंबरच्या रंध्याची मूठ या एकाच बोल्टवर उभी असते. 5 नंबरला आणि त्याहून लांब रंध्यांना मुठीच्या पुढच्या टोकाशी आणखी एक स्क्रू लागतो, तोही डबीत टाका.

लाकूड शिसवीचं मिळालं तर उत्तम. वखारीत उरलेला तुकडा किंवा जुन्या पलंगाचा मोडका पाय चालेल. मुरलेली बाभूळही दणकट. लाकूड ओलं नको, कारण ते पुढे आकसतं, बोल्ट सैल पडतो आणि मूठ डुगडुगायला लागते. मग ढकलण्याचा सगळा जोर बोल्टऐवजी लाकडावर येतो, आणि बहुतेक मुठी अशाच मोडतात.

सगळ्यात जास्त विचार लाकडाच्या रेषांचा करा. रेषा रंध्याच्या तळाला समांतर, म्हणजे पुढून मागे गेल्या पाहिजेत. उभ्या रेषांची मूठ दिसायला मजबूत वाटते, पण तिचं शिंग आणि पुढचं टोक पहिल्याच धक्क्याला निखळतं. आडव्या रेषांची मूठ मधल्या अरुंद भागात कमजोर असते हे खरं, पण तिथे तिला आवळून धरायला बोल्ट असतोच.

आखणीसाठी जाड पुठ्ठा घ्या. तुकडे जुन्या बोल्टवर ओवून नीट जुळवा, पुठ्ठ्यावर ठेवून बारीक पेन्सिलीने कड काढा आणि बोल्ट कुठून आत जातो, कुठून बाहेर येतो या दोन खुणा करून त्या सरळ रेषेने जोडा. ठोकळा मुठीपेक्षा चहूबाजूंनी अर्धा इंच मोठा आणि चौकोनी हवा. बोल्टचं भोक हा ठोकळा चौकोनी असतानाच पाडायचं आहे, वळणं त्यानंतर कापायची. एकदा गोलाई आली की ठोकळा शेगड्यात (लाकूड आवळून धरायच्या पकडीत) सरळ धरताच येत नाही आणि ड्रिल घसरतं. भोक बोल्टपेक्षा मिलिमीटरभर मोठं ठेवा, म्हणजे बसवताना थोडी हालचाल मिळते. वर पितळी नट बसेल आणि खाली रंध्याच्या अंगावरचा बिडाचा छोटा उंचवटा मावेल एवढ्या खाचांची मापं आधीच कागदावर लिहा.

हत्यारांत ड्रिल, बारीक पात्याची करवत, मरफा (लाकडाची खरबरीत कानस), अर्धगोल कानस आणि 80 पासून 220 नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर काढून ठेवा. शेवटी लावायला उकळलेलं (बॉइल्ड) अळशीचं तेल पुरे. तेलाचे हात मारून वाळायला दोन-तीन दिवस जातात, तेव्हा रंधा लगेच लागणार असेल तर दुसऱ्याची सोय करा. तेलाच्या चिंध्या चुरगाळून ढिगात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. मोकळ्या पसरून वाळवा.

एक-दोन पातळ वॉशरही जवळ असू द्या. नट पूर्ण आवळूनही मूठ हलत असेल तर बोल्टचे आटे संपलेत. नटाखाली वॉशर टाकला की ती घट्ट बसते.