पेटीवर पंचम आणि मध्यम ओळखताना

विदर्भातल्या ज्या गावांत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते, तिथे प्रार्थनेनंतर मंडळाची पेटी थोडा वेळ मोकळी असते. स्वरांतरे, म्हणजे दोन स्वरांमधली अंतरे, ओळखण्याचा सराव त्याच वेळी करावा. आधी षड्ज (सा) गळ्यात स्थिर होऊ द्यावा आणि मगच सोबत्याला पंचम (प) किंवा शुद्ध मध्यम (म) यांपैकी एकच स्वर वाजवायला सांगावे. नवशिक्याची गल्लत बहुधा याच दोघांत होते, कारण षड्जाशी त्यांच्या कंपनसंख्येचे प्रमाण ३:२ आणि ४:३ इतके साधे असल्याने दोन्ही षड्जात सहज मिसळतात. नाव सांगण्याची घाई न करता तो स्वर गावा आणि सरगमीने षड्जापर्यंत उतरावे: म, ग, रे, सा अशा चार स्वरांत घर आले तर तो मध्यम, पाच लागले तर पंचम.

हे जमल्यावर सा, ग, प एकदम दाबून भाता चालू ठेवावा आणि फक्त गंधार (ग) कोमल करावा, म्हणजे त्याच्या लगतची खालची पट्टी दाबावी. संपूर्ण स्वरमेळाचा रंग मधल्या एका पट्टीने कसा पालटतो, ते कानाला तेव्हाच कळते. मात्र पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, म्हणून गाताना तो तंबोऱ्यावरच पारखावा.