दिवाळी ते दिवाळी, नऊ चौकोन

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंगला होतो. निवृत्त झालो त्याच वर्षी आई गेली. तिच्या ट्रंकेत एक अर्धी गोधडी निघाली, सुई तशीच टोचलेली, गंजलेली. सुई बदलून मी ती गोधडी पुरी केली. टाके वाकडेतिकडे पडले, पण हाताला चटक लागली. पुढे भिंतीवर लावायचे लहान चौकोन शिवायला घेतले आणि वर्षभर एकाच विषयावर मालिका करायचं डोक्यात आलं. पहिल्या वर्षी बारा ठरवले, चार झाले. दुसऱ्या वर्षी नऊ ठरवले, नऊ झाले. मधे काय बदललं ते सांगतो.

पहिल्या वर्षीचा विषय होता पाऊस. कागदावर झकास दिसला. शिवायला बसलो तेव्हा कळलं की पावसात काहीही बसतं: छत्री, चिखल, भाजलेलं कणीस, तुंबलेली गल्ली. चित्रं आधी काढून ठेवली होती तरी दर महिन्याला नव्याने डोकं खाजवायचं. दुसऱ्या वर्षी विषय इतका लहान केला की बायको म्हणाली, "अहो, यात नऊ काय, दोन तरी होतील का?" विषय असा: कचराळी तलावाच्या पाण्यावर आज काय पडलंय. पाचपाखाडीतल्या या तलावाला मी रोज सकाळी फेऱ्या मारतो आणि दमलो की एका ठरलेल्या बाकावर टेकतो. तिथून कठड्यापलीकडचं जेवढं पाणी दिसतं तेवढंच घ्यायचं. मे महिन्यात गुलमोहराच्या पाकळ्या, जूनमध्ये पहिल्या सरींची वर्तुळं, थंडीत पहाटेच्या दिव्यांचे लांबुडके पट्टे. एकदा एक निळी चप्पल. तुमचा विषय असाच वाट वाकडी न करता रोज दिसणारा हवा. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे चालतील, भाजीवालीची पाटी चालेल. 'निसर्ग' किंवा 'स्त्रीशक्ती' घेऊ नका, फेब्रुवारीतच घोडं अडेल.

(विणकाम करणाऱ्यांत टेम्परेचर ब्लँकेटचं खूळ आहे: दिवसाच्या तापमानाचा रंग ठरवून रोज एक ओळ विणायची. थंड देशात मजा येत असेल. इथे ठाण्यात कमाल तापमान बाराही महिने तीस-पस्तिशीच्या आसपास घुटमळतं. वर्षअखेर हाती एक नारिंगी घोंगडी येईल.)

वर्ष जानेवारीत सुरू करू नका, दिवाळीपासून मोजा. दिवाळीच्या साफसफाईत कपाटं रिकामी होतात, जुनेर बाहेर पडतं, म्हणजे कच्चा माल आपोआप जमतो. पुढचे तीन-चार महिने कोरडे असतात, धुतलेलं कापड तासाभरात वाळतं आणि सुई घामाने निसटत नाही.

आता कॅलेंडर. घरातलं कालनिर्णय घ्या. दिवाळी सरत्या वर्षात येते, म्हणून पुढच्या वर्षाचंही आलं की तेही शेजारी ठेवा. पहिल्यांदा लाल पेनने ज्या दिवशी सुईला हात लागणार नाही ते दिवस खोडा. कारखान्यातही आम्ही आधी शटडाउन लिहायचो, उत्पादन नंतर. गणपतीचा पंधरवडा गेला. दिवाळीचे आगचे-मागचे दिवस गेले. पुतणीचं लग्न, मे महिन्यात नातवंडं, आणि माझ्या बाबतीत डाव्या डोळ्याचं मोतीबिंदू. खोडून झालं की आकडा कळतो. माझे चौदा आठवडे गेले, अडतीस उरले.

अडतिसात किती बसतात ते एका चौकोनाच्या हिशेबावरून काढा. माझा चौकोन 10 इंच बाय 10 इंच. धावदोऱ्याच्या ओळी एकमेकींपासून पाव इंचाच्या निम्म्यावर, म्हणजे 80 ओळी. एका ओळीला मला चार मिनिटं लागतात, म्हणजे नुसत्या ओळींना सव्वापाच-साडेपाच तास. कापणं, मांडणी, ठिगळं लावणं याला चार तास. कडा, मागची बाजू आणि उसवून परत शिवण्याला तीन. सगळं मिळून सव्वाबारा तासांच्या वर. मी एका बैठकीला पाऊण तासच बसतो, त्यापुढे मान बोलते. म्हणजे सतरा बैठका. आठवड्याला चार धरल्या तर एका चौकोनाला सव्वाचार आठवडे, अडतिसाला नऊ. 'महिन्याला एक' हे ऐकायला बरं वाटतं म्हणून बारा ठरवू नका. आधी एक नमुन्याचा चौकोन घड्याळ लावून शिवा आणि मगच भागाकार करा.

दोऱ्याचाही हिशेब असाच होतो. 80 ओळी गुणिले 10 इंच म्हणजे 20 मीटर. वरखाली जाण्यात आणि टोकांना जातो तो धरून 23. भरतकामाची लडी 8 मीटरची, सहा पदरी असते. दोन-दोन पदर वेगळे केले की 24 मीटर मिळतात, म्हणजे पाण्याच्या ओळींना चौकोनामागे एक लडी. मुख्य रंगाच्या नऊ लड्या मी जांभळी नाक्याच्या बाजारातून एकाच दिवशी आणल्या. लडीवरच्या कागदी पट्टीवर रंगाचा नंबर असतो, तो वहीत लिहून ठेवा. पट्टी हरवते आणि मग दुकानात 'तो मोरपंखी, पण जरा मळका' असं सांगत बसावं लागतं.

एवढा हिशेब झाला की एक गोष्ट मुद्दाम मोकळी सोडायची: कोणत्या चौकोनात काय येणार. आधी मी ती सोडली नव्हती, ती चूक मला महागात पडली. मुरलेला प्लॅनर मी, पावसाच्या मालिकेत बाराही चित्रं आधीच काढून ठेवली होती. जुलै आला तेव्हा जुलैचं चित्र मला शिळं वाटत होतं. आता चौकोनाचं माप, कापडाचा ढीग, टाका आणि तारखा आधी ठरतात. चित्र पाणी देतं. रोज त्याच बाकावरून सातच्या सुमारास मोबाइलवर एक फोटो काढतो आणि महिनाअखेर त्यातला एक निवडतो. तीन महिने सुटतात ते सुटतात. ऑगस्टभर पाणी नुसतं राखाडी होतं, सोडून दिलं.

कापडाला बंधन घाला. संपूर्ण मालिकेला पाच साड्या, सहावी नाही. माझ्या ढिगात आईची दोन सुती लुगडी, बायकोच्या दोन वापरून मऊ झालेल्या साड्या आणि एक इरकल आहे. इरकलीवरून घरात तह झाला: "काठाला हात लावायचा नाही, मधलं घ्या." लुगडं जवळजवळ 8 मीटर असतं, त्यामुळे कापड कमी पडत नाही. कमी पडतात ते रंग, आणि तेच हवंय. गुलमोहराचा लाल माझ्याकडे नव्हताच, विटलेला तपकिरी लावला. नऊ चौकोन शेजारी ठेवले की एकाच घरातले वाटतात ते यामुळे.

शिंप्याकडच्या चिंध्या फुकट मिळतात म्हणून उचलू नका. एक धागा ओढून काडीने पेटवून बघा. सूत कागदासारखं जळतं, मागे मऊ राख राहते. पॉलिस्टर आक्रसून कडक मणी होतो. असं कापड इस्त्रीखाली चकाकतं आणि सुतीबरोबर आटत नाही. रंगाचीही परीक्षा घ्या: कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर ठेवा आणि गरम इस्त्री दाबा. डाग उमटला तर ते कापड पुनःपुन्हा धुवा, तरी उमटला तर बाद. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून आजचे रासायनिक रंग पक्के होत नाहीत. मी मीठ घातलं होतं. पावसाच्या मालिकेतला तिसरा चौकोन पुरा झाल्यावर धुतला आणि सगळं आभाळ गुलाबी झालं.

शिवताना मी तीन थर घेतो: खाली मांजरपाट, मधे जुनी मऊ साडी, वर चित्राचं कापड. कापायचे 11 इंच. दाट धावदोऱ्याने कापड गोळा होतं, 11 चे साडेदहा कधी झाले ते कळत नाही. कच्चे टाके घालून थर पक्के करा, टाचण्यांवर भिस्त ठेवू नका. कर्नाटकातल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवताना कडेने सुरुवात करून गोल फिरत आत मध्यापर्यंत येतात. मी ते पाण्यासाठी उचललं. पाकळी जिथे पडली तिथे ठिगळ लावायचं आणि ओळी कडेकडून तिच्याकडे वळवत आणायच्या. जवळ आल्या की त्या आपोआप वाकतात आणि वर्तुळासारख्या दिसू लागतात.

बिघडतं ते दर ओळीच्या शेवटी. सुई बाहेर काढली की हात सवयीने दोरा ताणतो, आणि कापडाला चुणी पडते. आईचं अंगुस्तान माझ्या बोटात सैल बसतं, म्हणून मी आत कापसाचा बोळा घालतो. त्याच हाताचा अंगठा पूर्ण ओळीवरून परत फिरवायचा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, दाबून. ओढलेला दोरा केसभर आत जातो, कापड सपाट बसतं, मगच टाका पक्का करायचा. हे केलं नाही तर पंधराव्या ओळीला चौकोनाची पुरी होते. थोडी लहर राहिली तर मात्र राहू द्या, पाणीच आहे.

धुणं, वाळवणं, इस्त्री हे सगळं मेअखेर उरका. जून ते सप्टेंबर नुसतं शिवायचं. ओलसर कापडावर बुरशीचे ठिपके पडतात ते जात नाहीत. सुया पिनकुशनमध्ये ठेवल्या तर गंजतात, मी सुईचं टोक मेणबत्तीवर घासून छोट्या डबीत बंद करतो. झालेले चौकोन घडी न घालता गुंडाळून सुती कापडात ठेवा. खळ घातलेलं काही ठेवू नका, खळीवर कसर येते.

मागच्या बाजूला वरून एक इंचाचा नेफा शिवा, त्यात काठी घालायची. नाडीच्या नेफ्यासारखाच, फक्त दोन्ही टोकं उघडी. नेफा मागच्या थरालाच टाचायचा, वरपर्यंत सुई जाऊ द्यायची नाही. खाली कोपऱ्यात फोटोची तारीख दोऱ्याने लिहा, शाई धुण्यात पसरते. भिंत उन्हाची नको. माझे आठ पॅसेजमध्ये लागले आहेत. निळ्या चपलेच्या चौकोनाला मात्र तिथे परवानगी मिळाली नाही. तो बेडरूमच्या दाराआड आहे.