पिंग (नेटवर्कवरची 'आहेस का?' अशी हाक) जातो पण उत्तर येत नाही? परतीचा रूट (वाट) बघा

नारायण पेठेत काकांचा छापखाना आहे, खाली १९२.१६८.१.० चं नेटवर्क, वर १९२.१६८.२.०, आणि मधे दोन लॅनकार्डांचा लिनक्स पीसी, त्याचा खालचा पत्ता १९२.१६८.१.५०. वरून खालचा प्रिंटर काही केल्या सापडेना. काका म्हणे, "अरे, केबल बदलून बघ." केबल ठणठणीत होती, आयपी फॉरवर्डिंगही (एका नेटवर्कचा डेटा दुसऱ्याकडे पुढे पाठवणं) चालू होतं. मग मधल्या पीसीवर टीसीपीडम्प (येणाराजाणारा डेटा दाखवणारा प्रोग्रॅम) लावला तर रिक्वेस्ट प्रिंटरकडे व्यवस्थित जाताना दिसतेय पण रिप्लाय एकही नाही, म्हणजे प्रिंटर उत्तर देतोय पण ते त्याच्या गेटवेला (नेटवर्कबाहेर जायच्या दाराला), म्हणजे मेन राउटरला, आणि त्याला वरचं नेटवर्क कुठंय हेच माहीत नाही, तो ते सरळ इंटरनेटकडे ढकलतोय जिथे असले प्रायव्हेट (फक्त आतल्या नेटवर्कचे) पत्ते चालतच नाहीत. मेन राउटरमधे स्टॅटिक रूट (हाताने लिहून दिलेली वाट) टाकला: १९२.१६८.२.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.५०. लगेच प्रिंट आली! नॅट (वरच्या सगळ्या पीसींना मधल्या पीसीचाच पत्ता लावणं) लावूनही काम होतं, पण मला नाही पटत, नंतर कुठला पीसी काय करतोय ते कळत नाही. विंडोजचा पीसी तरीही पिंगला गप्प असेल तर त्याचा फायरवॉल बघा, दुसऱ्या सबनेटचा (म्हणजे वरच्या-खालच्यासारख्या वेगळ्या नेटवर्कचा) पिंग तो बऱ्याचदा अडवतो.