अणुसंमीलनाची बातमी कशी पारखावी

ऐरोलीपासून महापेपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात डेटा सेंटरे वाढत आहेत आणि त्यांना रात्रंदिवस अखंड वीज लागते. त्यामुळे ठाणे-नवी मुंबईत विजेचा विषय निघाला की अलीकडे अणुसंमीलनाचे, म्हणजे फ्यूजनचे, नावही हमखास निघते. 'कृत्रिम सूर्य पेटला', 'घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली', 'दहा वर्षांत फ्यूजनची वीज' अशा मथळ्यांच्या बातम्या मोबाइलवर फिरत असतात. बहुतेक बातम्यांत खोटे काही नसते, पण महत्त्वाचे बरेच राहून गेलेले असते. ते कसे शोधावे हे येथे क्रमाने सांगत आहे. त्यासाठी पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. अकरावी-बारावीचे विज्ञान, घरचे वीजबिल आणि कागद-पेन्सिल एवढे पुरते.

सर्वांत आधी बातमी कोणत्या प्रक्रियेची आहे हे निश्चित करावे. खाडीपलीकडे ट्रॉम्बे येथे 1956 मध्ये 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली आणि तारापूरचे वीज केंद्र 1969 पासून वीज देत आहे. या दोन्ही ठिकाणी युरेनियमसारख्या जड अणुकेंद्रकाचे विखंडन होते. संमीलनात याच्या उलट घडते. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन जड समस्थानिकांची केंद्रके एकत्र येतात, त्यातून हेलियमचे केंद्रक आणि एक न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि एकूण 17.6 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मोकळी होते. त्यांपैकी 14.1 न्यूट्रॉन घेऊन जातो आणि उरलेली 3.5 हेलियमकडे राहते. ही वाटणी लक्षात ठेवावी, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी आणि आशा तिच्यातूनच निघतात.

यानंतर बातमीत मेगाज्यूल दिसले की त्याला 3.6 ने भागावे. उत्तर वीजबिलावरच्या युनिटमध्ये मिळते. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत 5 डिसेंबर 2022 रोजी लेझरच्या साहाय्याने जो ऐतिहासिक प्रयोग झाला, त्यात इंधनाच्या गोळीवर 2.05 मेगाज्यूल ऊर्जेचा मारा केला आणि संमीलनातून 3.15 मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. भागाकार केला तर मिळालेली ऊर्जा 0.875 युनिट भरते, म्हणजे एक युनिटसुद्धा पूर्ण होत नाही. हा भागाकार पहिल्यांदा करणारे विद्यार्थी आकडा चुकला असे समजून तो पुन्हा करून पाहतात. आकडा बरोबर असतो, आणि त्यामुळे प्रयोगाचे मोल कमी होत नाही: नियंत्रित परिस्थितीत इंधनाने त्याच्यावर पडलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा दिली, असे पृथ्वीवरील कोणत्याही प्रयोगशाळेत त्याआधी घडले नव्हते.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारावा: या बातमीत मीटर कुठे बसवला आहे? आपल्या इमारतीत मीटर पाण्याच्या पंपापाशी लावला तर एक आकडा दिसेल आणि महावितरणच्या जोडणीपाशी लावला तर दुसराच दिसेल. दोन्ही खरे, पण बिल दुसऱ्याचे येते. संमीलनाच्या बातमीतही असे तीन मीटर असतात. पहिला इंधनापाशी, दुसरा संपूर्ण यंत्रापाशी आणि तिसरा वीज केंद्राच्या फाटकापाशी, जिथून वीज ग्रिडमध्ये जाते. लिव्हरमोरचे 2.05 आणि 3.15 हे आकडे पहिल्या मीटरचे आहेत. तो लेझर चालवण्यासाठी ग्रिडमधून सुमारे 300 मेगाज्यूल, म्हणजे 83 युनिटांच्या आसपास वीज घ्यावी लागली, हा दुसऱ्या मीटरचा आकडा. तिसऱ्या मीटरचा आकडा नाहीच, कारण उष्णतेपासून वीज करण्याची सोय तिथे केलेली नाही. त्या प्रयोगशाळेचे ते कामही नव्हे.

हाच प्रश्न फ्रान्समधील कादाराश येथे उभ्या राहत असलेल्या 'इटर' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाला लावून पाहावा. इटर हे टोकामॅक पद्धतीचे यंत्र आहे: मेदूवड्याच्या आकाराच्या पोकळीत अतितप्त प्लाझ्मा, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू, चुंबकीय क्षेत्राने भिंतीपासून दूर धरून ठेवायचा. प्लाझ्मा तापवण्यासाठी 50 मेगावॉट द्यायचे आणि सुमारे 400 सेकंद 500 मेगावॉट संमीलन शक्ती मिळवायची, हे त्याचे उद्दिष्ट आहे. म्हणून बातमीत 'दहापट ऊर्जा' असे येते. पण हे दहापट पहिल्या मीटरवरचे आहे. संपूर्ण संकुलाला चालू स्थितीत किमान 110 मेगावॉट वीज लागेल आणि काही क्षणी ही गरज 620 मेगावॉटपर्यंत जाईल, असे प्रकल्पाचेच आकडे सांगतात. 500 मेगावॉट उष्णतेचे एक तृतीयांश दराने विजेत रूपांतर केले, तरी हाती 170 मेगावॉटच्या आत-बाहेर वीज येईल. तीही कल्पनेत, कारण इटरला जनित्र जोडलेलेच नाही. माझ्या मते व्यावहारिक वीज केंद्रासाठी दहापट पुरत नाही, पंचवीस-तीसपटीच्या पुढेच खरा हिशेब सुरू होतो. मग इटर कशासाठी? 500 मेगावॉटमधला हेलियमचा पाचवा हिस्सा, म्हणजे 100 मेगावॉट, प्लाझ्मातच राहून त्याला तापवेल. बाहेरून दिलेल्या 50 मेगावॉटच्या तो दुप्पट आहे. स्वतःच्याच उष्णतेवर मुख्यतः तग धरणारा प्लाझ्मा दीर्घकाळ कसा वागतो, हे अशा यंत्रावाचून कळणार नाही.

तापमानाच्या विक्रमाने भारावून जाऊ नये. सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस आहे आणि टोकामॅकमध्ये दहा कोटींच्या वर तापमान अनेकदा गाठले गेले आहे. जॉन लॉसन या ब्रिटिश अभियंत्याने 1950 च्या दशकातच दाखवून दिले होते की तापमान, घनता आणि ऊर्जा टिकून राहण्याचा काळ या तिन्हींचा एकत्रित विचार करावा लागतो. कालावधीच्या विक्रमाचेही तसेच. फ्रान्सच्या 'वेस्ट' यंत्राने फेब्रुवारी 2025 मध्ये प्लाझ्मा 1,337 सेकंद टिकवला. ही कामगिरी मोठी आहे, पण त्यात ट्रिटियम नव्हते. उलट ब्रिटनमधील 'जेट' यंत्राने 2023 मध्ये ड्यूटेरियम-ट्रिटियमपासून 69 मेगाज्यूल ऊर्जा मिळवली, तीही सुमारे 0.2 मिलिग्रॅम इंधनातून. मात्र तो प्रयोग पाच सेकंदांपुरताच होता. त्याच्या चुंबकांची वेटोळी तांब्याची होती आणि ती तापत असल्यामुळे यंत्र फार वेळ चालवता येत नसे. विक्रम कशाचा आहे आणि त्या वेळी बाकीच्या दोन राशी कुठे होत्या, एवढे विचारले की बातमीचे वजन कळते.

इंधनाच्या प्रश्नापाशी थांबून विचार करावा, कारण वृत्तपत्रांत तो सर्वांत कमी येतो. 'समुद्राच्या पाण्यात अमर्याद इंधन' हे विधान ड्यूटेरियमपुरते बरोबर आहे. पाण्यातील हायड्रोजनच्या साधारण 6,400 अणूंमागे एक अणू ड्यूटेरियमचा असतो आणि तो वेगळा काढण्याचे तंत्र आपल्याकडे जुने आहे. रायगड जिल्ह्यात थळ येथे जड पाण्याचा, म्हणजे ड्यूटेरियमयुक्त पाण्याचा, कारखाना आहेच. अडचण ट्रिटियमची आहे. त्याचे अर्धायुष्य 12.3 वर्षे असल्यामुळे निसर्गात त्याचा साठा राहत नाही आणि साठवून ठेवलेलाही दर वर्षी साडेपाच टक्क्यांनी घटतो. आज नागरी उपयोगाचे बहुतेक ट्रिटियम जड पाण्याच्या विखंडन अणुभट्ट्यांमध्ये, विशेषतः कॅनडात, उपउत्पादन म्हणून मिळते आणि जगातला हा साठा काही डझन किलोंच्या पुढे जात नाही. दुसऱ्या बाजूला, 1,000 मेगावॉट संमीलन शक्ती वर्षभर सलग मिळवायची तर सुमारे 56 किलो ट्रिटियम खर्च होते. तेवढी वीज हवी असेल तर उष्णता तिच्या अडीच-तीनपट लागेल आणि ट्रिटियमचा खर्च दीडशे किलोच्या आसपास जाईल.

म्हणून प्रत्येक केंद्राला आपले ट्रिटियम स्वतःच तयार करावे लागेल. यंत्राच्या आतल्या भिंतीमागे लिथियमचे आवरण ठेवायचे आणि बाहेर पडणारा न्यूट्रॉन लिथियमवर आदळला की त्यातून नवे ट्रिटियम मिळवायचे, अशी ही योजना आहे. एका ट्रिटियममागे एकच न्यूट्रॉन मिळतो आणि त्यांतले काही न्यूट्रॉन पोलादात, नळ्यांत, झरोक्यांत वाया जाणारच. ही तूट भरून काढण्यासाठी शिसे किंवा बेरिलियम वापरून न्यूट्रॉनांची संख्या वाढवावी लागते. भारतानेही शिसे-लिथियमचे वितळलेले मिश्रण आणि लिथियमयुक्त सिरॅमिक एकत्र वापरणारी रचना मांडली आहे. परंतु जेवढे जळले त्याहून थोडे अधिक ट्रिटियम तयार करून, ते गोळा करून, पुन्हा यंत्रात सोडण्याचे संपूर्ण चक्र जगात कोणीही अजून चालवून दाखवलेले नाही. कोणत्याही कंपनीच्या घोषणेत या चक्राविषयी एकही वाक्य नसेल, तर ती घोषणा मी वीज केंद्राची मानत नाही, प्रयोगाची मानते.

भिंतीचा प्रश्न याला लागूनच आहे. विखंडनातील न्यूट्रॉनांची सरासरी ऊर्जा दोन दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असते. येथे ती 14.1 आहे. असा न्यूट्रॉन धातूत शिरला की अणू जागचे हलवतो, आत हेलियमचे सूक्ष्म बुडबुडे तयार करतो आणि काही वर्षांत चिवट पोलादही ठिसूळ होते. प्लाझ्माची राख, म्हणजे तयार झालेले हेलियम, आणि उष्णता जिथे बाहेर काढली जाते त्या डायव्हर्टर नावाच्या भागावर इटरमध्ये दर चौरस मीटरला 10 मेगावॉट उष्णता सतत पडेल, म्हणून तो 3,400 अंशांपर्यंत न वितळणाऱ्या टंगस्टनचा केला जात आहे. हे भाग बदलावे लागतील, तेही यंत्रमानवांकरवी, आणि तेवढा काळ केंद्र बंद राहील. केंद्र वर्षातले किती दिवस चालणार यावर विजेचा दर ठरतो, म्हणून भाग बदलायला किती महिने लागतील हे नक्की विचारावे. सुरक्षिततेची बाजू मात्र खरोखरच जमेची आहे: पोकळीत एका वेळी जेमतेम काही ग्रॅम इंधन असते, बिघाड झाला की प्लाझ्मा विझतो आणि साखळी प्रक्रिया अनावर होण्याचा प्रश्नच नसतो. किरणोत्सारी झालेल्या धातूची व्यवस्था करावी लागते, पण विखंडनातील वापरलेल्या इंधनाएवढे दीर्घायुषी ओझे मागे राहत नाही.

बातमीत वर्ष दिले असेल तर ते कशाचे वर्ष आहे ते पाहावे: पहिला प्लाझ्मा, पहिल्या मीटरवरचा नफा, ग्रिडला दिलेली वीज, की परवडणाऱ्या दरातली वीज? या चार टप्प्यांमध्ये दशकांचे अंतर असू शकते. डॉ. होमी भाभा यांनी 1955 मध्ये जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेच्या अध्यक्षपदावरून वीस वर्षांत नियंत्रित संमीलनाचा मार्ग सापडेल असे भाकीत केले होते. प्लाझ्मा किती प्रकारांनी निसटतो हे तेव्हा कोणालाच पुरते ठाऊक नव्हते, त्यामुळे त्या भाकिताचा दोष त्यांना देता येत नाही. इटरचा पहिला प्लाझ्मा सुरुवातीच्या वेळापत्रकात 2016 मध्ये अपेक्षित होता. 2024 मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार संशोधन 2034 मध्ये आणि ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग 2039 मध्ये सुरू व्हायचे आहेत.

एवढी चाळणी लावूनही आशेला जागा उरते, आणि मला ती चुंबकांमध्ये दिसते. प्लाझ्माचा दाब चुंबकीय क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवता आला, तर समान आकारमानातून मिळणारी संमीलन शक्ती क्षेत्राच्या चौथ्या घाताने वाढते: क्षेत्र दुप्पट झाले तर शक्ती सोळापट. अमेरिकेतील एमआयटी हे विद्यापीठ आणि कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स ही कंपनी यांनी सप्टेंबर 2021 मध्ये उच्च तापमानाच्या अतिवाहक, म्हणजे विजेला रोध न करणाऱ्या, फितीपासून 20 टेस्लाचा मोठा चुंबक चालवून दाखवला. त्यामुळे इटरपेक्षा कितीतरी लहान यंत्राचा विचार शक्य झाला. गूगलने 2025 मध्ये या कंपनीच्या नियोजित केंद्रातून 200 मेगावॉट वीज घेण्याचा करार केला आहे. करार म्हणजे वीज नव्हे, आणि न्यूट्रॉन व ट्रिटियमचे प्रश्न लहान यंत्रातही तसेच राहतात. तरीही प्रयोग लवकर आणि कमी खर्चात करता न येणे हीच या क्षेत्राची आजवरची सर्वांत मोठी उणीव होती.

ऐरोली-महापेच्या विजेचे येत्या दशकाचे नियोजन संमीलनाच्या भरवशावर करू नये, हे मी स्पष्टपणे सांगेन. पण ठाण्या-वाशीच्या ज्या विद्यार्थ्याला या कामात शिरायचे आहे त्याने थांबू नये. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' टोकामॅक 1989 पासून आहे, तेथे पीएच.डी. करता येते आणि 'इटर'मधील भारताचा सहभागही तेथूनच चालतो. इटरचे 3,850 टनांचे क्रायोस्टॅट, म्हणजे संपूर्ण यंत्राला वेढणारे निर्वात भांडे, लार्सन अँड टुब्रोच्या हजिरा येथील कारखान्यात घडले. प्लाझ्माभौतिकीइतकीच निर्वात तंत्र, अतिशीत तंत्र, जाड पोलादाचे वेल्डिंग, शक्ती इलेक्ट्रॉनिकी आणि न्यूट्रॉनांचे संगणकीय गणित जाणणारी माणसे येथे लागतात. अभियांत्रिकीची शाखा निवडताना या पाचांपैकी एक हाताशी येईल असा अभ्यासक्रम कोणत्या महाविद्यालयात आहे, हे प्रवेशाआधीच विचारून घ्यावे.