‘गेट’चा अर्थ पुढच्या शब्दात शोधा

इंग्रजी वाचताना ‘गेट’ (get) हा शब्द आला की अडायला होतं. शब्दकोशात अर्थांची रांगच लागते. आधी त्याच्या पुढचा शब्द पाहा.

१. पुढे वस्तू असेल तर मिळणे किंवा आणणे. ‘गेट अ लेटर’ म्हणजे पत्र मिळणे. लिहिताना इथे ‘रिसीव्ह’ चालतो.

२. पुढे विशेषण असेल तर होणे. ‘गेट अँग्री’ म्हणजे रागावणे, ‘गेट डार्क’ म्हणजे अंधारणे. हाच प्रकार जास्त चकवतो, कारण मराठीत दोन्ही शब्द मिळून एकच क्रियापद होतं. पर्याय ‘बिकम’.

३. पुढे ठिकाण असेल तर पोहोचणे: ‘गेट होम’.

मात्र पुढे ‘अप’, ‘ओव्हर’, ‘अलाँग’ असं काही आलं तर अंदाज नको, पूर्ण जोडीच शब्दकोशात पाहा. ‘गेट ओव्हर’ म्हणजे एखाद्या धक्क्यातून सावरणे, हे सुट्या शब्दांवरून कळत नाही.