माहेरी येताना आधी फाइल

सातवा संपला की तू येणार म्हणून वहिनीनं डिंक, अळीव, जुन्या लुगड्यांची दुपटी कधीच काढून ठेवलीत. दुपटी काय, कोल्हापुरात आपल्या शिवाजी पेठेत कुणाच्याही घरी मिळतील. तू तेवढी पुण्यातल्या तपासण्यांची फाइल आण, तीही बॅगेच्या तळाशी नको, पर्समध्ये.

फाइलीत सगळ्यात आधी हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट शोध, त्यावर 'एचबीएसएजी' लिहिलेलं असतं. आईला काही त्रास नसतानाही हा लिव्हरचा विषाणू तिच्या रक्तात असू शकतो, आणि बाळाला तो बहुतेक वेळा बाळंतपणातच गाठतो. त्या वेळी लागण झालेल्या दहातल्या सुमारे नऊ बाळांच्या लिव्हरमध्ये तो ठाण मांडून बसतो. म्हणून पहिली लस सगळ्याच बाळांना २४ तासांच्या आत. आईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिद्रव्यांचं, इंजेक्शन, तेही शक्यतो १२ तासांत. ते महाग असतं आणि रात्री दोनला मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही. सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, नाव घाल की खाजगीत, नाव घालतानाच याची चौकशी कर. "बाळ जरा मोठं होऊ दे, मग टोचू" म्हणणारी म्हातारी आपल्याही घरात आहे. तिला मी बघते.

एचआयव्हीचा रिपोर्टही त्यातच असेल. त्याला लाजायचं काही कारण नाही, ही तपासणी प्रत्येक गरोदर बाईची होते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी गोळ्या वेळेत सुरू झाल्या तर बाळाला लागण होण्याची शक्यता फारच कमी उरते.

रुबेलाची, म्हणजे पोटातल्या बाळाला इजा करू शकणाऱ्या जर्मन गोवराची, लस राहिली असेल तर आता घ्यायची नाही, बाळंतपणानंतर. तोवर अंगावर पुरळ उठलेल्या पोरांपासून लांब. तुला कांजिण्या येऊन गेल्या का, हे आईला विचारून ठेव. अगदी बाळंतपणाच्या तोंडावर त्या आल्या तर बाळाला जड जातात.

आता आपला बारका. तीन वर्षांचा, गोड, पण त्याचं उष्टं खाऊ नकोस, आणि त्याची शी-शू काढलीस तर हात साबणानं धू. लहान मुलांच्या लाळेत-लघवीत सायटोमेगॅलो नावाचा विषाणू बऱ्याचदा असतो. त्यावर लस नाही, आणि पोटातल्या बाळाचं ऐकणं त्यानं जाऊ शकतं. म्हणून घरी सोडण्याआधी बाळाच्या कानांची तपासणी मागून घ्यायची.

पाण्याची पिंपं आठवड्याला घासून कोरडी करायचं काम दादाकडे दिलंय. झिका हाही पोटातल्या बाळाला इजा करू शकणारा विषाणू, आणि तो पसरवणारा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी. आणि हो, सगळ्या रिपोर्टांचे फोटो जावईबापूंच्या मोबाईलवरही असू देत.